कसेल त्याचा ट्रॅक?

मामेभाऊ फ्रँकफर्टला असतो, आयटीत. जाताना दोन किलो भाकरवडी आणि मामीच्या हातचं मेतकूट घेऊन जातो, येताना चॉकलेटं आणतो, असा आमचा गेली आठ वर्षं व्यवहार चाललाय. यंदा मात्र त्याने माझ्यासाठी एक जुनी रेकॉर्ड आणली, दोन जाड टी-शर्टांच्या मध्ये घालून, बॅगेच्या पार तळाशी, आणि बाहेर काढताना चेहरा असा की गणपतीच काढतोय. बारा इंची काळी तबकडी, 'द एज ऑफ लव्ह', जॅम अँड स्पूनच्या मिक्सवाली. मामीने उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, एवढी मोठी आणि गाणं एकच?

प्रश्न बरोबर आहे तिचा. आपल्याकडे तेवढ्या तबकडीत अख्ख्या सिनेमाची गाणी बसायची. पण डिस्कोच्या काळात, म्हणजे सत्तरच्या दशकात, ही बारा इंची सिंगलची पद्धत पडली त्यामागे साधं गणित होतं, एका बाजूवर एकच गाणं असलं की खाचा ऐसपैस कापता येतात, बेस खोल बसतो, आवाज मोठा निघतो, आणि क्लबवाल्याला तेच पाहिजे असतं. मग दुसऱ्या बाजूला काय टाकायचं, तर त्याच गाण्याची आणखी एकदोन व्हर्जन. थोडक्यात रिमिक्सला राहायला जागा मिळाली ती या तबकडीमुळे. आधी जागा झाली, मग भाडेकरू आले.

आणि भाडेकरूवरूनच मला हा लेख लिहायचाय. लेबल वाचायला चष्मा लावला तर काय दिसतं, संगीतकार म्हणून मूळ मंडळींची नावं, आणि ज्यांच्यामुळे ही रेकॉर्ड आज तीस वर्षांनंतरही लोक शोधत फिरतात त्यांची नावं व्हर्जनच्या नावाला चिकटून, कंसात. जगभरच्या रिमिक्सांचं हेच आहे. माझं म्हणणं सगळं या कंसाबद्दल आहे.

आधी गोष्ट सांगतो, म्हणजे ज्यांना ट्रान्स, म्हणजे क्लबमध्ये नाचायचं हे इलेक्ट्रॉनिक संगीत, फक्त गोव्यातला धिंगाणा वाटतो त्यांनाही कळेल. 'एज ऑफ लव्ह' पहिल्यांदा निघालं १९९० मध्ये, बेल्जियममधल्या डिकी रेकॉर्ड्स नावाच्या लेबलवर (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनीही). करणारे दोघं, ब्रुनो सांकिओनी आणि जुझेप्पे केर्किया, दोघंही इटालियन वळणाचे. म्हणजे बाप इटलीचा, जन्म बेल्जियमचा. ते मूळ व्हर्जन आजही मिळतं ऐकायला, आणि त्यात मालमसाला बराचसा आहे, ती घोड्यासारखी दौडणारी बेसलाइन आहे, मागे तो कोरससारखा भरून येणारा आवाज आहे, नाचायला बोलावणारी बाई आहे. चांगलं आहे. पण खरं सांगायचं तर तेवढ्यावर ते त्या वर्षीच्या पन्नास चांगल्या रेकॉर्डांपैकी एक म्हणून विसरलं गेलं असतं, असं मला वाटतं.

मग १९९२ मध्ये फ्रँकफर्टच्या दोन पोरांनी ते हातात घेतलं. रोल्फ एल्मर, ज्याला सगळे जॅम एल मार म्हणायचे, शास्त्रीय संगीत शिकलेला माणूस, आणि मार्कुस ल्योफेल उर्फ मार्क स्पून, जो मुळात क्लबमध्ये रेकॉर्डी लावणारा डीजे. म्हणजे एकाला सूर कळायचे आणि दुसऱ्याला गर्दी. ही जोडी म्हणजे जॅम अँड स्पून. त्यांनी केलेल्या मिक्सचं नाव 'वॉच आउट फॉर स्टेला'. आता ही स्टेला कोण, तर त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या स्वतःच्या ट्रॅकचं नाव स्टेला, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यावर आपल्या गाण्याची जाहिरात चिकटवून मोकळे झाले होते, असं मला तरी वाटतं. धाडस बघा. लग्न दुसऱ्याचं आणि मांडवात बॅनर आपला.

पण केलं काय त्यांनी नेमकं? मी ती रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघितली. ज्यांनी कधी रेकॉर्डी हाताळल्यात त्यांना माहितीय, खाचांचा रंग सगळीकडे सारखा नसतो, जिथे ड्रम आणि बेस जोरात आहेत तिथे खाचा करड्या, खरखरीत दिसतात, आणि जिथे संगीत निवळतं तिथे गुळगुळीत काळा पट्टा दिसतो. डीजे लोक अंधारात छोटा दिवा मारून हाच पट्टा बघून सुई टाकायचे. तर या रेकॉर्डवर तो काळा पट्टा डोळ्याने दिसतो, करड्या खाचांच्या मधोमध. तिथे काय होतं, तर ठोका जातो. नाचणाऱ्या माणसाच्या पायाखालची जमीनच काढून घेतल्यासारखं होतं, नुसते लांबलचक सूर तरंगत राहतात, तुम्हाला वाटतं आता येईल, आता येईल, आणि तो यायला लावतात उशीर. मग ठोका परत येतो आणि बेसलाइन तीच असते, पण ती आता तीच वाटत नाही.

भजनात बघा, अभंग संपत आला की टाळ थांबतात, बुवा एकटे आळवतात, विठ्ठल विठ्ठल, आणि मग एकदम पखवाज पडतो आणि सगळं मंडळ उठून उभं राहतं. त्यांनी भजनातून घेतलं असं अजिबात म्हणत नाही मी (असं म्हणणारे आपल्यात खूप आहेत, त्यांच्याकडे येतोच), पण ती युक्ती शरीराला कशी कळते हे आपल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

तर ही ठोका काढून घेऊन परत द्यायची तऱ्हा आधी डिस्कोतही होती, हाऊस नावाच्या क्लब-संगीतातही होती. पण इतकी ताणून, ट्रॅकचा सगळा जीव त्यात ठेवून, पावणेसात मिनिटांच्या आसपासचा तो प्रवास करून दाखवायचं काम या मिक्सने केलं आणि पुढच्या दहा वर्षांच्या ट्रान्सला व्याकरण मिळालं. नव्वदच्या मध्यावर जे जे जर्मनीतून, हॉलंडमधून, इंग्लंडमधून आलं, पॉल व्हॅन डाइक वगैरे, त्यांच्या ट्रॅकची कुंडली मांडा, तोच काळा पट्टा मधोमध सापडतो. आणि आज सनबर्नसारख्या ठिकाणी पोरं हात वर करून ज्या 'ड्रॉप'ची, म्हणजे ठोका परत कोसळण्याची, वाट बघत उभी असतात, तो ड्रॉप त्याच घराण्यातला, फक्त बिघडलेला नातू. आजोबा निवांत वाट बघायला लावायचे, नातवाला वीस सेकंदही धीर नाही. असो, हे माझं वय बोलतंय.

आता मुद्द्यावर येतो. नृत्यसंगीतात, म्हणजे या डान्स म्युझिकच्या धंद्यात, रिमिक्स करणाऱ्याला सहसा एकरकमी पैसे मिळतात. ठरलेली रक्कम घ्या, काम द्या, घरी जा. गाणं लिहिल्याबद्दलचा जो हक्क असतो, ज्याच्यावर पुढे रेडिओ, सिनेमा, क्लब, स्ट्रीमिंग सगळीकडून पैसे येत राहतात, तो मूळ संगीतकाराकडे राहतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क लेबलकडे. रिमिक्सर मोठा असला, घासाघीस करता आली, तर विक्रीत टक्का मिळतो, पण तो त्याच्या वजनाचा टक्का, हक्काचा नाही. माझं म्हणणं, हा हक्काचा असला पाहिजे. ज्याने गाण्याचा सांगाडा बदलून नवीन गोष्ट उभी केली त्याला त्या व्हर्जनपुरता लेखकाचा वाटा मिळाला पाहिजे, आणि तो करारात सोडून देता येऊ नये.

आमच्या घरात हे बोलणं सोपं नाही. आजोबांची दापोलीकडची जमीन कुळात गेली. १९४८ चा कुळकायदा, मग १ एप्रिल १९५७ ला कृषकदिन, त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने खरेदीदार झाला. आमच्याकडे आजही कुणी 'कसेल त्याची जमीन' म्हटलं की काका पेपर खाली ठेवतात. त्यामुळे मालकाच्या बाजूने काय काय बोलतात ते मी लहानपणापासून पाठ ऐकलंय, त्याने काय केलं, जमीन आमची होती म्हणूनच त्याला कसता आली ना, आम्ही नांगर दिला, बियाणं दिलं. रिमिक्सच्या वादात मूळ संगीतकाराची बाजू घेणारे लोक शब्दन् शब्द हेच बोलतात, बियाणं आमचं. आणि ते खोटं नाही. सांकिओनी काही पडवीत पानसुपारी खात बसलेला जमीनदार नव्हता, पुढे १९९६ मध्ये त्याने बीबीई नावाच्या ग्रुपमधून 'सेव्हन डेज अँड वन वीक' केलं, तेही गाजलं, म्हणजे हाताला गुण होता. ती बेसलाइन त्याच्याकडून आली नसती तर फ्रँकफर्टच्या पोरांनी काय कसलं असतं, खडक?

पण सातबारा नीट वाचा. नमुना सात म्हणजे मालकी कुणाची, आणि नमुना बारा म्हणजे पीक काय, किती. दोन वेगळे नमुने आहेत, उगीच नाहीत. शिवाय सातमध्ये 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो, तिथे कुळाचं नाव लागतं. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून आपल्या तलाठ्याला एवढं कळतंय की जमिनीचा मालक एक असू शकतो, पिकवणारा दुसरा, आणि दोघांचीही नोंद एकाच कागदावर राहू शकते. गाण्याच्या कागदावर फक्त सात आहे, बाराच नाही. मी रिमिक्सरला जमीन द्या म्हणत नाही, इतर हक्कात नाव लावा म्हणतोय.

कायद्यात हे बसत नाही असंही नाही. जर्मनीच्या कॉपीराइट कायद्यात कलम ३ सरळ म्हणतं की एखाद्या कलाकृतीवर केलेलं संस्करण, त्यात करणाऱ्याची स्वतःची निर्मिती असेल तर, स्वतंत्र कलाकृतीसारखं संरक्षित आहे. फक्त ते प्रसिद्ध करायला मूळवाल्याची परवानगी लागते, हे कलम २३. म्हणजे तत्त्व मान्य आहे, गाडी अडते व्यवहारात, कारण परवानगी देतानाच करारावर लिहून घेतात की बाबा तू आमचा मजूर.

आणि आपल्याकडे तर सगळ्यात भारी उदाहरण घरातच आहे. २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती. त्याआधी सिनेमाचं गाणं लिहिणारा आणि चाल लावणारा निर्मात्याला सगळं एकदाच विकून टाकायचा, मग गाणं चाळीस वर्षं वाजो की चारशे. दुरुस्तीने सांगितलं की गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळालाच पाहिजे आणि तो हक्क त्याने सही करून सोडला तरी सुटत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले. तेव्हा निर्मात्यांचा युक्तिवाद काय होता, तोच, आम्ही पैसे मोजले, त्याने खुशीने घेतले, आता परत काय. संसदेने तो मानला नाही, कारण एका बाजूला कंपनी आणि एका बाजूला घरभाडं थकलेला माणूस असेल तर खुशी या शब्दाला फार अर्थ नसतो. मग हाच न्याय रिमिक्स करणाऱ्याला का नको?

नको, कारण त्याच दुरुस्तीत रिमिक्सवाल्याला चोर धरलंय. त्याला कारण आहे, आधीच्या कायद्यात गाणं येऊन दोन वर्षं झाली की ठराविक पैसे भरून त्याची नवी आवृत्ती काढता यायची, त्यातून २००० नंतर ती रिमिक्सची लाट आली, २००२ चं 'काँटा लगा' आठवत असेल, मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं, लताबाईंचं, आर. डी. बर्मनचं, आणि घराघरात टीव्ही बंद करायची धावपळ. खूप जुने संगीतकार त्या लाटेवर चिडले आणि त्यांचा राग बरोबर होता, जुन्या गाण्याला नुसता ढोलकीचा लूप बांधून विकत होते बरेचजण. मग नव्या कायद्यात दोनाची पाच वर्षं केली, पन्नास हजार प्रतींची किमान रॉयल्टी घातली, आणि मूळ गाण्यात बदल करायचा नाही अशी अट घातली. म्हणजे तुम्ही गाणं जसंच्या तसं परत गाऊ शकता, पण त्याचं काहीतरी नवीन करायचं असेल तर दारोदार परवानगी मागत फिरा. नक्कल चालेल, निर्मिती चालणार नाही. उलटं नाही का हे? या हिशोबाने 'स्टेला' मिक्ससारखी गोष्ट आपल्याकडे मालकाने बोलावल्याशिवाय होऊच शकत नाही.

मला माहितीय लगेच कुणीतरी म्हणणार, मग काय, प्रत्येक गल्लीतला डीजे उद्या वाटा मागेल? ज्याने नुसता ठोका वाढवला त्यालाही लेखक म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. माझ्या गल्लीत एक पोरगा आहे, हळदीची गाणी मिक्स करतो, कोळीगीत घेतो, त्याखाली नाशिक ढोलचा तुकडा टाकतो, झालं. आणि गाण्यात दर चाळीस सेकंदाला त्याचा स्वतःच्या नावाचा टॅग वाजतो, डीजे अमुक इन द मिक्स, मागे सायरन. मी एकदा त्याला म्हटलं अरे कशाला सारखं सारखं, गाणं ऐकू दे ना. तो म्हणाला, दादा टॅग काढला की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या नावाने फिरतं. मी गप्प बसलो. त्याच्याकडे ना लेबल, ना करार, ना कंस. सातबाराच नाही म्हणून त्याने शेताच्या बांधावर चुन्याने नाव लिहून ठेवलंय, दर चार हातांवर.

तर वाटा कुणाला, याचं उत्तर मी असं देईन, ठोका वाढवला, इकोमध्ये बुडवलं, त्याला मजुरी द्या आणि नाव द्या, लेखकाचा वाटा नाही. ज्याने रचना बदलली, म्हणजे काय आधी येणार, काय थांबणार, काय परत येणार हे नव्याने ठरवलं, नवे सूर घातले, त्याला वाटा. सीमारेषा धूसर आहे हे मान्य, पण दोन संगीतकारांनी मिळून चाल केली तर कुणाचं किती हे तरी कुठे फूटपट्टीने मोजता येतं, तिथेही भांडून, बसून ठरवतातच ना. भांडता येईल एवढा अधिकार तरी असू द्या.

नाहीतर गंमत बघा, कधीकधी रचना तर सोडाच, नुसता वेग बदलून नवा प्रकार जन्माला येतो. याच बेल्जियममध्ये, 'एज ऑफ लव्ह'च्या आधी दोनतीन वर्षं, 'अ स्प्लिट सेकंड' नावाच्या बँडची 'फ्लेश' ही मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड डीजेंनी ३३ वर लावली आणि टर्नटेबलची वेग बदलायची पट्टी ढकलून त्यात आठ टक्के वाढवले. गाणं जड, दमदार, खोल झालं, लोक वेडे झाले, आणि त्यातून न्यू बीट नावाचा अख्खा प्रकार उभा राहिला. मी स्वतः, भावाने रेकॉर्ड आणली त्या दिवशी, ती गडबडीत चुकीच्या स्पीडवर लावली, कुठला नवा प्रकार वगैरे जन्मला नाही, फक्त मामी म्हणाली बॅटरी संपली वाटतं. पण सांगायचं हे की त्या वेग बदलणाऱ्याला मी कायद्याने वाटा देणार नाही, माझ्याच नियमात तो बसत नाही, आणि तरी एक प्रकार त्याच्यामुळे जन्मला. ही माझ्या युक्तिवादातली फट आहे, मला दिसतेय ती, बुजवता येत नाहीये.

आता गोवा. मराठी माणसांच्यात ट्रान्सचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, ट्रान्सचा जन्म आपल्या गोव्यात झालाय. छाती फुगवून. अर्धं खरं आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात गोवा गिल, फ्रेड डिस्को, लॉरेंट वगैरे मंडळी रात्रभर पार्ट्या करायची, आणि तिथून जो प्रकार निघाला त्याला गोवा ट्रान्स म्हणतात, नावातच गोवा. पण 'एज ऑफ लव्ह'ची नदी वेगळी, ती बेल्जियमच्या क्लबातून आणि फ्रँकफर्टच्या विमानतळातल्या डोरियन ग्रे नावाच्या डिस्कोतून वाहत आली, (हो, विमानतळाच्या इमारतीतच होता तो क्लब, १९७८ ते २०००). पुढे दोन्ही पाणी मिसळलं, जर्मन डीजे गोव्याला येऊन गेले, पण उगम दोन.

आणि गोव्यात बारा इंची रेकॉर्ड चालतच नव्हती हे तर फारच भारी. उन्हात तबकडी पापडासारखी वाकते, वाळू खाचांत जाते, त्यामुळे तिथले डीजे कॅसेट लावायचे आणि नव्वदनंतर डॅट टेप, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट. कॅसेटवर ते काय करायचे, युरोपातून आलेल्या गाण्यांतलं गाणं काढून टाकायचे, म्हणजे शब्द नको, नुसता वाजता भाग घ्यायचा, तोच परत परत जोडून लांब करायचा. हे काय आहे, रिमिक्सच आहे. पण त्याला ना लेबल होतं ना मालक, ती टेप त्या रात्रीपुरती. आणि डॅटवर रेकॉर्डसारखा वेग जुळवता येत नाही म्हणून पुढे गोवा ट्रान्सचे ट्रॅक सुरुवातीला आणि शेवटी लांबलचक बिनठोक्याचे झाले, म्हणजे एक गाणं विरलं की दुसरं हळूच सुरू करता यावं. एका मशीनच्या अडचणीतून शैली झाली.

पण मग आपला गोवा, म्हणजे गोंयकार, या सातबाऱ्यावर कुठे आहे? चटई टाकून, कंदील लावून, पहाटेपर्यंत चहा आणि आमलेट विकणाऱ्या बायका होत्या, भाड्याने खोल्या देणारे होते, पायलटवाले, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले होते, जनरेटर भाड्याने देणारे होते. रेकॉर्डीवर नावं ब्रिटिश, जर्मन, फ्रेंच, इस्रायली. मला कुणावर आरोप करायचा नाहीये, पण 'आपल्या गोव्यात जन्म' म्हणताना जरा थांबावं. जन्म ज्या घरात झाला त्या घराचं भाडं आपण घेतलं, एवढंच.

तसंच ते चरणजित सिंगांचं. मुंबईतले सिनेमातले वादक, त्यांनी १९८२ मध्ये रागांवर एक सिंथेसायझरचा अल्बम केला, रोलंडची टीबी-३०३ हे बेसचं आणि टीआर-८०८ हे ड्रमचं मशीन घेऊन, आणि तो २०१० मध्ये परत निघाला तेव्हा जगाने डोळे चोळले कारण तो ऐकायला शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊससारखा वाटतो, आणि शिकागोचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं १९८७ ला. झालं, लगेच आपल्याकडे मेसेज फिरले, अ‍ॅसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला. अहो, तो अल्बम तेव्हा कुणी ऐकलाच नाही तर त्यातून काही निघालं कसं म्हणायचं? पहिला असणं वेगळं आणि ज्याच्यामुळे पुढचं घडलं तो असणं वेगळं. चरणजित सिंगांचं कौतुक त्यांच्या कामासाठी करा, ते खरंच अफाट आहे, पण वंशावळीत घुसवू नका.

आणि हाच निकष उलटा लावला की जॅम अँड स्पूनची बाजू भक्कम होते. ते पहिले नव्हते. १९९० मध्येच, मूळ 'एज ऑफ लव्ह' आलं त्याच वर्षी, याच जॅम एल मारने डीजे डाग नावाच्या मित्राबरोबर डान्स टू ट्रान्स या नावाने 'वी केम इन पीस' केलेलं, आणि त्याच्याही आधी १९८८ मध्ये लंडनच्या केएलएफ या जोडीने त्यांच्या एका ट्रॅकला 'प्युअर ट्रान्स' म्हणून टाकलं होतं. पहिलेपणाच्या शर्यतीत 'स्टेला' मिक्स चौथं की पाचवं येईल. पण ज्याच्यामुळे पुढचं घडलं, यात त्याचा नंबर फार वर लागतो. ब्रिटनमध्ये १९९७ ला ते गाणं परत काढलं तेव्हा टॉप २० मध्ये गेलं, निघून सात वर्षं झाल्यावर. मग पुन्हा २०२१ मध्ये बेल्जियमची शार्लोट द विट आणि इटलीचा एनरिको सान्जुलियानो यांनी त्याचा नवा रिमिक्स केला, परत बेल्जियम आणि इटलीच, आणि तो इतका वाजला की माझ्या भावाच्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरीला वाटतं हे गाणं तेव्हाच आलंय.

तो नवा रिमिक्स मी पुन्हा पुन्हा ऐकलाय. जड आहे, टेक्नोकडे झुकलेला आहे, बेस छातीत बसतो. आणि माझ्या कानाला त्यात १९९० पेक्षा १९९२ जास्त ऐकू येतं, तो ताण, ती लांबवलेली वाट. म्हणजे शार्लोट आणि एनरिकोनी नांगर धरला तो फ्रँकफर्टवाल्यांनी आधीच मऊ करून ठेवलेल्या जमिनीत. आता माझ्याच नियमाने या दोघांनाही त्यांच्या व्हर्जनपुरता वाटा, आणि त्यातला एक तुकडा १९९२ वाल्यांनाही, काका म्हणतील झालं, तुकड्या-तुकड्याची जमीन, पाच गुंठ्यांना सहा वारस, आणि बांधावरून कोर्टकचेरी. होईल. थोडी होईल. पण स्ट्रीमिंगच्या जमान्यात दर वेळी गाणं वाजलं की मोजलं जातंच आहे, मग ते पैसे दोनाऐवजी सहा जणांत वाटणं हे काही तलाठ्याने हाताने फेरफार लिहिण्याइतकं अवघड राहिलेलं नाही.

मार्क स्पून जानेवारी २००६ मध्ये गेला, बर्लिनला, वय ३९. फ्रँकफर्टच्या डोरियन ग्रे आणि ओमेन या क्लबांत वाजवलेला माणूस, आणि हे दोन्ही क्लब त्याच्या आधीच बंद पडलेले. तो गेल्यावर पंधरा वर्षांनी २०२१ आलं. एकरकमी पद्धतीत माणूस काम करून घरी गेला की विषय संपतो, आणि मेला की तर संपतोच संपतो.

दिवाळीच्या चौथ्या दिवशी त्या गल्लीतल्या पोराला मी वर बोलावून रेकॉर्ड ऐकवली. त्याने आधी ती हातात घेऊन वजन बघितलं, कडेने पकडायची असते हे त्याला कुणी न सांगता कळलं. गाणं सुरू झालं, त्याचा पाय हलायला लागला, मधला निवळलेला भाग आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, बंद पडलं का. मी म्हटलं थांब. ठोका आला तेव्हा तो हसला, मग संपेपर्यंत काही बोलला नाही. संपल्यावर लेबल वाचायला लागला, बोट ठेवून, आणि बोट थेट कंसावर जाऊन थांबलं. म्हणाला, दादा, टॅग एवढा बारीक का टाकलाय यांनी?